बाळंतपण, घर आणि सुईण: सातारा-सांगलीकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एकोणतीस वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, म्हणून काम केलं. आधी पाटण तालुक्यातल्या उपकेंद्रात, मग माणमध्ये, आणि शेवटची काही वर्षं आरोग्य सहायिका म्हणून. निवृत्त झाले तरी फोन थांबलेले नाहीत. कुणाची सून पहिलटकरीण असते, कुणाची लेक माहेरी आलेली असते, एखादी पोरगी हळू आवाजात बोलते कारण शेजारी सासू बसलेली असते. ते प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत मांडलेत. उत्तरं लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली, ती आधीच सांगते. कळा सुरू होण्याआधीच निम्मं बाळंतपण ठरून गेलेलं असतं, आणि ते घरात ठरतं.

बाळंतपण शरीराचं काम. त्यात समाज कुठून आला?

माणमधल्या एका वस्तीवरची गोष्ट सांगते. पहिलटकरीण, आठवा महिना. पायांवर सूज, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. बीपी घेतलं तर १६०/११०. डोकं कधीपासून दुखतंय, विचारलं. चार दिवस झाले, म्हणाली. मग चार दिवस बसून का राहिली? नवरा मुंबईला. सासरे जनावरांच्या बाजाराला गेलेले. सासूला एकटीला काही ठरवायची सवय नाही. गाडीला पैसे लागणार, पैसे कपाटात आणि कपाटाची किल्ली सासऱ्यांच्या कमरेला.

तिच्या शरीरात जे चाललं होतं त्यावर इलाज आहे. बीपीच्या गोळ्या आहेत, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे. किल्लीवर इंजेक्शन नाही. ती वाचली, बाळही वाचलं, कारण आशाताईनं सासऱ्यांची वाट न बघता १०८ ला फोन केला.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या कारणांची जी मांडणी केली, ती आजही आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. त्यात तीन उशीर सांगितलेत. दवाखान्यात जायचं ठरवायला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचायला उशीर, आणि पोचल्यावर योग्य उपचार मिळायला उशीर. पहिला उशीर पूर्णपणे घरातला. दुसरा रस्त्याचा आणि पैशाचा. तिसरा आमचा, म्हणजे आरोग्यखात्याचा. बाई दगावली की गावात लोक नशीब म्हणतात. मी प्रत्येक वेळी हे तीन उशीर मोजत आले आणि निदान एक तरी सापडलाच.

सुईण, दाई, नर्स, आशाताई, सगळ्या एकच का?

नाही, आणि हा घोळ मिटायला हवा.

सुईण किंवा दाई म्हणजे गावातली अनुभवी बाई. तिचं शिक्षण सासू-आईच्या हाताखाली झालेलं. आपल्याकडे अनेक गावांत हे काम मातंग समाजातल्या बायका करत आल्या. बाळंतपणाचं रक्त विटाळाचं मानायचे, म्हणून ते काम खालच्या मानलेल्या जातीकडे. ज्या हातांनी बाळ झेललं, नाळ कापली, त्या हातांना बारशाच्या दिवशी स्वयंपाकघरात जागा नसायची. मोबदला म्हणजे जोंधळे आणि लुगडं-चोळी. सुईणीच्या ज्ञानाला मान मिळाला नाही, यामागे जात आहे. ते टाळून सुईणपणावर बोलता येत नाही.

एएनएम म्हणजे गावाच्या भाषेत सिस्टर. दोन वर्षांचं शिक्षण आणि त्यात बाळंतपणाचा सराव. सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असावं असा नियम आहे, ते तिच्या ताब्यात असतं. आशाताई गावातलीच. ती बाळंतपण करत नाही. गरोदर बाईची नोंद, सोबत आणि घरभेटी ही तिची कामं. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हापासून हे पद आहे.

चौथा प्रकार अजून आपल्याकडे फारसा दिसत नाही. पूर्ण वेळ प्रसूतिसेवेचं शिक्षण घेतलेली मिडवाइफ. तिच्याविषयी पुढे लिहिलंय.

सासूबाई म्हणतात, "आमची सात झाली, एकदाबी दवाखान्याची पायरी चढले नाय." त्यांना काय सांगू?

त्यांना खोटं पाडू नका. त्यांची सात झाली हे खरंच आहे. त्यांना शांतपणे एवढंच विचारा, सातांतली किती जगली? आणि तुमच्या बरोबरीची बाळंतपणात गेलेली कुणी आठवते का? मी हा प्रश्न शेकडो म्हाताऱ्यांना विचारलाय. बहुतेकींना एखादी जाऊ, एखादी नणंद, शेजारची पोर आठवली. आठवली की त्या स्वतःच गप्प होतात आणि मग बोलणं सोपं होतं.

घरच्या बाळंतपणात भीती असते ती रक्तस्रावाची. बाळ झाल्यावर गर्भाशय आकसलं नाही तर इतकं रक्त जातं की दोन तासांत बाई हातची जाते. दोन तासांत हेळवाकहून कऱ्हाड गाठता येईल, पण रस्त्यात दरड आली असेल तर? प्रशिक्षित नर्स बाळ होताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देते. साधं, स्वस्त इंजेक्शन आहे, फक्त ते थंड ठेवावं लागतं. जुन्या सुईणीच्या हातात कसब खूप होतं, हे इंजेक्शन मात्र नव्हतं.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात. मग सुईणीचं काम उरलं कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. ही मोठी कमाई आहे आणि ती आशाताई-सिस्टरांच्या पायपिटीची आहे. पण दवाखान्यात पोचलं म्हणजे झालं, असं नाही.

जुनी सुईण काय करायची ते आठवा. रात्रभर शेजारी बसायची. कंबर चोळायची. "आता थोडीच कळ राहिली बाय," म्हणायची. बाईला उठवायची, फिरवायची, उकिडवं बसवायची. यातलं बरंचसं आज शास्त्र खरं मानतं. बाईला आडवं पाडून ठेवू नये, तिला हवं त्या स्थितीत राहू द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस सतत सोबत असावं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींत आहे. आपण बाळंतपण दवाखान्यात नेलं ते बरोबरच केलं. ते सोबतीचं माणूस मात्र दाराबाहेर बसवलं.

आणि सुईणीच्या वाईट गोष्टी? त्याही होत्या. पोटावर जोर देऊन दाबणं, वार पडेना म्हणून ओढणं, नाळेला शेण किंवा राख लावणं. यातून बायका आणि बाळं गेली आहेत. त्या गोष्टी गेल्या ते बरंच झालं.

पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद कुठे करायची?

जिथे दिवस गेले तिथे, आणि बारा आठवड्यांच्या आत. माहेरी जायचं आहे म्हणून नोंद मागे ठेवू नका. आपल्या भागात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी येते. सासरच्या सिस्टरला वाटतं ती माहेरी गेली, आता तिकडची सिस्टर बघेल. माहेरच्या सिस्टरला ती आलीय हेच माहीत नसतं. सातवा ते नववा, नेमके जोखमीचे तीन महिने ती कुणाच्याच यादीत नसते. बीपी याच काळात वाढतं.

विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई कुटुंबांत तर आणखीच अवघड. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळे ही माणसं देशभर पसरलेली. मुलगी तामिळनाडूतून किंवा उत्तर प्रदेशातून बाळंतपणाला गावी येते. फाईल तिकडची, काही वेळा तिकडच्याच भाषेत लिहिलेली. मी एका मुलीला विचारलं, रक्तगट कोणता? म्हणाली, कागद तिकडेच राहिला. तिचा गट निगेटिव्ह निघाला. वेळेत तपासलं म्हणून इंजेक्शन देता आलं.

म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओटीच्या सामानात ठेवा. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या आशाताईला भेटा. आणि सासूबाईंनो, सून माहेरी गेली म्हणजे जबाबदारी संपली असं समजू नका. गाडीचे पैसे कोण देणार, दवाखाना कोणता, हे दोन्ही घरांनी आधी बोलून ठेवा. कळा सुरू झाल्यावर व्याही-व्याह्यांनी फोनवर मानपान काढलेला मी ऐकलाय. बाई आत ओरडत होती.

ऊसतोडीला आलेल्या बायकांचं काय? त्या तर आपल्या गावच्या नाहीत.

दिवाळीच्या आगेमागे बीड आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या कऱ्हाड, वाळवा, पलूसच्या फडांत येतात, त्या उन्हाळा लागेपर्यंत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती दोघांनी फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. मग गरोदर बाईनं तपासणीला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी सोडायची, वर दंड भरायचा. ती पहाटे उठते, दिवसभर वाकून ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवते. नवव्या महिन्यात मोळी वाहणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. कोपीत ना संडास, ना न्हाणी, म्हणून ती पाणीही कमी पिते. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग, आणि संसर्गातून वेळेआधी कळा.

आपल्या गावच्या नाहीत? ज्या दिवशी त्या शिवारात आल्या त्या दिवशी त्या त्या उपकेंद्राच्या झाल्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून हा हक्क आहे. त्याला ना गावचा दाखला लागतो ना रेशनकार्ड. माझी सिस्टरांना विनंती असते की टोळी आली की पहिल्या आठवड्यात संध्याकाळी कोप्यांवर जा. दिवसा तिथे लेकरं आणि म्हातारी सोडून कुणी भेटत नाही. शेतकऱ्यांनाही सांगते, तुमच्या फडात कुणी पोटुशी असेल तर आशाताईला एक फोन करा. एवढ्यानं बरंच होतं.

दिवाळीनंतर माण-आटपाडीकडून मेंढरं घेऊन निघणाऱ्या धनगर वाड्यांचंही असंच. तिथे बाई रोज नवा मुक्काम गाठते, म्हणून निघण्याआधीच बाळंतपणाची तारीख काढून ती कुठे थांबणार हे ठरवावं लागतं. वाड्याबरोबर जाणाऱ्या कर्त्या बाईला धोक्याची लक्षणं तोंडपाठ करून द्यायची पद्धत मी ठेवली होती.

आमचं गाव डोंगरात आहे. पावसात गाडी येत नाही.

जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पश्चिमेकडच्या गावांना पावसाळ्यात हे चुकत नाही. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या वाड्यांना लाँचचा आधार, आणि वारा सुटला की लाँच बंद. तारीख जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर पंधरा-वीस दिवस आधी रस्त्यावरच्या गावात पाहुण्यांकडे जाऊन राहा. कुणाकडे राहायचं हे चौथ्या-पाचव्या महिन्यातच ठरवा. कृष्णाकाठच्या गावांनीही हे ध्यानात ठेवावं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ज्या बायकांचे दिवस भरले होते त्यांना बोटीतून काढावं लागलं.

१०८ ही तातडीची रुग्णवाहिका आहे, १०२ खास माता-बाळांसाठी. दोन्ही फुकट. गावातल्या एका खासगी गाडीवाल्याचा नंबरही भिंतीवर लिहून ठेवा.

सिस्टर गोळ्या देतात, तरी रक्त वाढत नाही. असं का?

आधी मला सांगा, घरात शेवटी कोण जेवतं?

पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर गरोदर बायकांत जवळपास ४६ जणींचं रक्त कमी आढळलं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की पंडुरोग, ७ च्या खाली गेलं की गंभीर. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. फुकट मिळते. पण मळमळ होते, शौचाला काळी होते, म्हणून गोळ्यांची पाकिटं पत्र्याच्या डब्यात पडून राहतात. काहींना सांगितलेलं असतं की गोळीनं बाळ मोठं होतं आणि अडतं. हा समज अजून आहे आणि तो चुकीचा आहे.

गोळी रात्री जेवल्यावर तासाभरानं घ्या, मळमळ कमी वाटते. सोबत लिंबूपाणी किंवा आवळा चालेल, चहा नको. चहानं लोह अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे तर जेवणावर चहा. पालेभाजी, हरभरा, मटकी, अंडी, खात असाल तर मटण, हे गरोदर बाईच्या ताटात आधी पडलं पाहिजे. मी घरभेटीत कधी सुनेला उपदेश केला नाही. सासऱ्यांशेजारी बसून म्हणायचे, "आबा, नातू धडधाकट हवा ना? मग ही आजपासून तुमच्याबरोबर जेवणार." आबांनी हो म्हटलं की सासू अडवत नाही. सुईणपण म्हणजे मी हेच समजते. पोट तपासता येतं तसं घरही तपासता आलं पाहिजे.

मुलगी सतरा वर्षांची आहे आणि दिवस गेलेत. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील का?

प्रश्न अवघड आहे, पण गुळमुळीत उत्तर देणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गरोदरपणाची खबर पोलिसांना देणं दवाखान्यावर कायद्यानं बंधनकारक आहे. या भीतीनं घरचे मुलीला लपवतात, नोंद करत नाहीत, कळा सुरू झाल्यावर वय वाढवून सांगतात. आणि हीच मुलगी सगळ्यांत जास्त धोक्यात असते. तिचं स्वतःचं शरीर वाढायचं असतं, कंबरेचं हाड पुरतं रुंद झालेलं नसतं, बीपी आणि रक्तक्षयाची शक्यता जास्त.

केस होईल या भीतीपेक्षा मुलगी जाईल ही भीती मोठी धरा. लवकर न्या. गर्भपात करायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरनं पोलिसांना खबर देताना तिचं नाव उघड करायची गरज नाही.

मुळात हे लग्न अडवायला हवं होतं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. दुष्काळी पट्ट्यात आई-बाप म्हणतात, पोरीला एकटीला घरी सोडून कामाला कसं जायचं? त्यांची भीती खरी आहे. म्हणून दहावीनंतरची एसटीची सोय आणि मुलींचं वसतिगृह मला प्रसूतिसेवेचाच भाग वाटतात.

लग्न झालेलं नाही, किंवा नवरा वारलाय. अशा बाईला दवाखान्यात घेतात का?

घ्यावंच लागतं. नवऱ्याचं नाव सांगितलं नाही तरी बाळंतपण नाकारता येत नाही. सज्ञान बाईच्या गर्भपातालाही तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आई-वडिलांची सही लागत नाही. २०२१ च्या कायदादुरुस्तीनं काही परिस्थितींत गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली, आणि २०२२ च्या त्याच निकालानं अविवाहित बाईलाही त्यात धरलं. सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रातच जा. मेडिकलमधून गोळ्या आणून घरी घेतलेल्या, रक्तानं भिजलेल्या मुली मी बघितल्या आहेत.

ज्या सावित्रीबाई आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या, त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, कुणी नाव विचारणार नाही. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. सावित्रीबाईंना आपण शाळेसाठी ओळखतो. मला त्या आमच्या कामातल्या वाटतात. जिला कुणी दार उघडत नाही तिचं बाळंतपण सुखरूप करायचं, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. आज बाळंतपणाच्या खोलीत एखादी नर्स "नवरा कुठाय?" असं चारचौघांत विचारते तेव्हा मला लाज वाटते.

पहिली मुलगी आहे. दुसऱ्या खेपेला घरचे "तपासून घेऊ" म्हणतात.

ती तपासणी गुन्हा आहे, १९९४ च्या कायद्यानं. दबाव आणणारा नवरा आणि सासरचेही त्यात अडकतात. बाईवर जबरदस्ती झाली असं कायदा आधी धरून चालतो. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एक बाई गेली आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. हे आपल्याच जिल्ह्यात झालं, कृष्णाकाठच्या सधन भागात. गरिबी हे त्याचं कारण नव्हतं.

पाचव्या महिन्यानंतर अचानक "पडलं" असं कुणी सांगितलं की सिस्टरनं नोंदवहीत "गर्भपात" लिहून पुढे जाऊ नये. घरी जावं, बाईशी एकटीशी बोलावं.

सिझर इतकी का वाढली?

पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, देशात २१.५ टक्के. एका लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यानं आई-बाळांचे मृत्यू कमी होत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सगळा दोष डॉक्टरवर टाकणं मला पटत नाही. छोट्या गावात एकच डॉक्टर, हाताखाली शिकलेली नर्स नाही. चौदा तास कळांवर लक्ष कोण ठेवणार? नातेवाईक दर अर्ध्या तासानं विचारतात, "अजून कसं नाय? कापून टाका की." कुणी मुहूर्त काढून आणतं. काही झालं तर काच फुटेल ही डॉक्टरला भीती. पैशाचाही भाग आहेच. मिडवाइफ इथेच लागते. धीर धरून सोबत बसणारं, बाळाचे ठोके ऐकत राहणारं आणि खरंच अडलं तर वेळेत डॉक्टरला हाक मारणारं माणूस.

सिझरची खरी गरज असताना "नको" म्हणून अडून बसणारी घरंही असतात. डॉक्टरनं कारण सांगितलं की ते समजून घ्या आणि पटकन सही करा.

कळा देताना नर्स ओरडली, मांडीवर चापट मारली. हे असंच असतं का?

नाही. असं नसायला हवं.

मीही सुरुवातीच्या वर्षांत ओरडले आहे. आमच्यावर ओरडून आम्हाला शिकवलं गेलं, तसंच आम्ही पुढे केलं. एका रात्री एक मुलगी माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाई, मला भ्या वाटतंय, तुम्ही वरडू नका." तेव्हापासून मी थांबले. बाई घाबरली की अंग आखडतं, कळा लांबतात, म्हणजे ओरडून काम लवकर उरकतही नाही.

कुणाच्या अंगावर ओरडलं जातं हेही बघा. मास्तरांच्या सुनेवर नाही. पारधी वस्तीवरची, ऊसतोडीची, चौथ्या खेपेची, एचआयव्ही असलेली, तिच्यावर. एचआयव्हीची चाचणी प्रत्येक गरोदर बाईची होते, ती तिच्या भल्यासाठी. औषधं सुरू नसतील तर बाळाला लागण व्हायची शक्यता १५ ते ४५ टक्के, वेळेत सुरू केली तर ती दोन-पाच टक्क्यांवर येते. पण निकाल कळल्यावर खाट कोपऱ्यात सरकवली तर ती पुन्हा येईल का?

सोबतीला एक बाई आत घेऊ द्या, असा आग्रह धरा. सरकारच्या २०१७ च्या लक्ष्य कार्यक्रमात ते मान्य आहे. तक्रार वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

नवऱ्यानं काय करावं?

गाडी, पैसे, रक्तदाता, कागद, एवढं आठव्या महिन्यात तयार ठेवावं. मुंबईला असेल तर बायकोच्या हातात पैसे आणि "माझी वाट बघू नको" हा शब्द द्यावा.

बाळंतिणीचे जुने रिवाज पाळू की सोडू?

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, तेल लावून मालिश, सव्वा महिना विश्रांती: जरूर पाळा. कष्टकरी बाईला आयुष्यात हक्काची विश्रांती एवढीच मिळते. चीक पिळून टाकू नका, बाळाला तोच पहिल्या तासात पाजा. पाणी कमी देणं, डाळ-भाजी बंद करणं, बंद खोलीत शेगडीचा धूर, हे सोडा. पाचवीला सटवाई पुजा, हरकत नाही, पण त्याआधी तिसऱ्या दिवशी आशाताई आली तर "सुवेर आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस तिच्या भेटीचे असतात.

बाळ झाल्यापासून ती सारखी रडते. बाहेरचं काही आहे का?

पहिले आठ-दहा दिवस रडू येणं बहुतेकींना होतं. दोन आठवड्यांवर गेलं, झोप-भूक गेली, बाळाला घ्यावंसं वाटेना, किंवा मरावंसं वाटतं म्हणाली, तर तो आजार आहे. जिल्हा रुग्णालयात त्यावर उपचार होतात. मुलगी झाली म्हणून कुणी तिच्याशी बोलत नाही, असं तर नाही ना, हेही घरात बघा.

पैसे काय मिळतात?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला गावात ७००, शहरात ६०० रुपये. अटी आणि कागद आशाताई सांगेल. बँक खातं बाईच्या नावावर असावं लागतं. लग्नानंतर आधारवरचं नाव बदललेलं नसतं आणि पैसे तिथेच अडकतात, म्हणून ते काम आधी उरका.

माझ्या मुलीला हे काम शिकायचं आहे.

ऐकून बरं वाटलं. बारावीनंतर जीएनएम तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये प्रसूतिसेवेचं नवं धोरण आणलं. त्यात नोंदणीकृत नर्सला अठरा महिन्यांचं जादा शिक्षण देऊन पूर्ण वेळ मिडवाइफ करायचं ठरलं. काम मंद चाललंय, पण दिशा बरोबर आहे. आज सिस्टरच्या डोक्यावर लसीकरण, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन नोंदी इतक्या आहेत की बाळंतपण हे तिच्या दिवसातलं सर्वांत छोटं काम झालंय. जिचं तेवढंच काम असेल अशी बाई प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवी. ज्या घरांत आजी सुईण होती त्या घरांतल्या मुली या शिक्षणात याव्यात, या वेळी पगार आणि मान घेऊन, असं मला फार वाटतं.

कळा जोरात आल्या, गाडी वाटेत आहे, घरात कुणी शिकलेलं नाही. काय करायचं?

१०८ चा फोन चालू ठेवा, ते सांगत राहतात. साबणानं हात धुवा. खाली धुतलेली गोधडी किंवा साडी अंथरा. बाईला कुशीवर किंवा बसतं, तिला बरं वाटेल तसं राहू द्या. आत हात घालू नका, पोट दाबू नका. बाळ येईल तसं येऊ द्या, ओढू नका, फक्त झेला. कोरड्या कापडानं पुसा, पुसतानाच ते रडतं. आंघोळ घालू नका. आईच्या उघड्या छातीवर ठेवून दोघांना पांघरूण घाला आणि पाजायला लावा. गाडी येणार असेल तर नाळ कापायची घाई नाही, ती तशीच राहू द्या. नाळ ओढून वार काढायची नाही, ती आपोआप पडते. पडल्यावर बेंबीखाली हात ठेवून बघा, नारळासारखं घट्ट लागलं पाहिजे. मऊ लागलं तर गोल गोल चोळत राहा. रक्तानं भिजलेल्या कापडाच्या घड्या मोजा आणि गाडीतल्या डॉक्टरला किती भिजल्या ते सांगा. वार पिशवीत घालून सोबत न्या. ती पूर्ण पडली का, हे दवाखान्यात बघावं लागतं.